दोन हजार फुटांचे युद्ध

माझ्या आजोळी, सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा खेड्यात, एकाच उंबऱ्याच्या आत दोन पेन्शने येत असत. एक लष्कराचे आणि दुसरे स्वातंत्र्यसैनिकाचे. आईचे दोन चुलते. थोरल्यांना आम्ही थोरले आबा म्हणत असू आणि धाकट्यांना धाकटे आबा. थोरले आबा १९४० साली मराठा पलटणीत भरती झाले आणि इटलीच्या डोंगरांत जर्मनांशी लढून परत आले. धाकटे आबा त्याच सुमारास घर सोडून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात, तुफान सेनेत शिरले. थोरला इंग्रजांच्या बाजूने लढत होता, धाकटा इंग्रजांच्या विरुद्ध. दोघांची आई एकच. ती बापडी पंढरीच्या विठोबाला दोघांसाठी मिळून एकच नवस बोलली होती. कोणत्या सरकारचा जय व्हावा, हे तिने देवाला सांगितले नव्हते.

दोघेही वृद्ध होऊन गेले. लहानपणी सुटीत मी त्यांना ओसरीवर समोरासमोर बसून तंबाखू मळताना पाहिले आहे. दोघांत भांडण झाल्याचे मला आठवत नाही. पण लढाईची गोष्टही कधी निघत नसे. थोरल्या आबांनी इटलीचे नाव काढले की धाकटे आबा उठून गोठ्याकडे जात. धाकट्या आबांना भेटायला त्यांचे जुने सोबती आले की थोरल्या आबांना शेतावर काहीतरी काम निघे. त्या मौनाचा अर्थ मला फार उशिरा कळू लागला, आणि तो कळण्यास एक गोष्ट कारणीभूत झाली. आजीने सांगितलेली सिनेमाच्या गाडीची गोष्ट.

युद्धाच्या अखेरच्या दिवसांत, उसाचे गुऱ्हाळ चालू असताना, एके संध्याकाळी सरकारी मोटार गावात आली. चावडीपुढे पांढरे कापड ताणले गेले, कर्ण्यातून गाणी सुरू झाली आणि अंधार पडताच कापडावर युद्ध दिसू लागले. तोफा, विमाने, आगबोटी. आणि मग टोप्या घातलेले हिंदी शिपाई, एकामागून एक चालत जाणारे. माझी पणजी सर्वांत पुढे धुळीत बसली होती. ती विमाने पाहत नव्हती. ती त्या शिपायांत आपला मुलगा शोधीत होती. ओळीच्या शेवटी चालणारा एक जण तिला आपल्या मुलासारखा चालताना दिसला. तिने उठून मोटारवाल्याला हात जोडले, "दादा, तेवढं मागनं एकदा फिरवा." त्याने फिरविले की नाही, हे आजीला आठवत नव्हते. पण त्याच वेळी चावडीमागच्या उसात तुफान सेनेची दोन-चार पोरे दबा धरून बसली होती. सरकारी सिनेमा उधळून लावावयाचा, असे ठरले होते. त्यांत धाकटे आबा होते. ते हात न उचलता परत गेले. पुष्कळ वर्षांनी त्यांनी एवढेच सांगितले, "आई बघत हुती. म्हनून दगूड टाकला न्हाई."

पणजीने पाहिलेले ते चित्र कोणी घेतले असेल? ते खेड्यापर्यंत का आणले गेले? आणि ज्या युद्धाने घरादारांत अशी भिंत घातली, त्याची चित्रे काढणाऱ्यांच्या मनांत काय चालले असेल? या प्रश्नांचा माग घेता घेता मी ज्या इतिहासात जाऊन पडलो, तो आपल्या पुण्या-मुंबईचाच इतिहास आहे, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवण्याजोगा आहे, असे मला वाटते.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात सामील झाल्याचे जाहीर केले. कायदेमंडळाला विचारले नाही, काँग्रेसला विचारले नाही. ज्या देशाला स्वतःचे स्वातंत्र्य नाही, त्याने दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी लढावे, असा तो विलक्षण हुकूम होता. त्या वर्षीच्या अखेरीस काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई प्रांतातले बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळही गेले. परंतु प्रश्न इतका सरळ नव्हता. पलीकडे हिटलर होता. त्याचा जय व्हावा, असे विचारी माणसाने कसे म्हणावे?

मग एकेकाने एकेक वाट धरली. मानवेंद्रनाथ रॉय आणि त्यांचे अनुयायी, ज्यांत वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते, म्हणाले की फॅसिझम हा पहिला शत्रू. युद्धाला साह्य करा. कम्युनिस्ट प्रथम युद्धाच्या विरोधात होते. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर स्वारी केल्यानंतर पुढे त्यांना ते लोकयुद्ध वाटू लागले. सावरकर हिंदू तरुणांना सैन्यात शिरण्यास सांगत होते. डॉ. आंबेडकर १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याआधी १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली होती आणि ज्यांना कित्येक वर्षे पलटणीची दारे बंद होती, त्यांच्या घरी तो गणवेश मानाचा परतावा म्हणून आला होता. आणि ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'ची घोषणा झाल्यावर एसेम जोशी, अच्युतराव पटवर्धन यांच्यासारखे शेकडो लोक भूमिगत झाले. यांपैकी कोणीही भाडोत्री नव्हते. प्रत्येकाला आपापल्या परीने देशाचे हितच दिसत होते. म्हणूनच ते युद्ध आपल्या समाजात इतके खोल चिरत गेले. शत्रू समोर असला की माणसाला लढणे सोपे जाते. आपलाच भाऊ समोर असला म्हणजे काय करावे, हे कोणत्याही पोथीत लिहिलेले नसते.

सरकारला सैनिक हवे होते, पैसा हवा होता आणि लोकांचे मन हवे होते. पहिल्या दोन गोष्टी कलेक्टरमार्फत मिळू शकत होत्या. तिसरीसाठी सरकारची दृष्टी सिनेमाकडे वळली.

आपल्याकडे अनुबोधपटाची कला तेव्हा अगदीच नवी नव्हती. १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर र. पु. परांजपे केंब्रिजहून परत आले, तेव्हा मुंबईत त्यांच्या स्वागताचे चित्रीकरण हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी केले होते. हिंदुस्थानातल्या वार्तापटाचा आरंभ असा एका मराठी माणसाने दुसऱ्या मराठी माणसाच्या गणितातल्या पराक्रमावर केला, ही गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी आवर्जून सांगतो. गणितात नापास होणारी मुले तेवढा वेळ तरी गणिताकडे आदराने पाहतात. पुढे डॉ. पी. व्ही. पथी पॅरिसहून आणि के. एस. हिरलेकर जर्मनीहून ही विद्या शिकून आले. १९३५ च्या क्वेट्ट्याच्या भूकंपात पथी कॅमेरा घेऊन तेथे पोहोचले होते. पण या मंडळींच्या पाठीशी ना पैसा होता, ना चित्रपटगृहवाल्यांची आस्था. लोक तिकीट काढीत ते नाचगाण्यांसाठी आणि पौराणिक चमत्कारांसाठी. देशातली खरी माणसे पाहण्यासाठी नव्हे.

अशा वेळी १९४० साली मुंबईत फिल्म अ‍ॅडव्हायझरी बोर्ड स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष होते जे. बी. एच. वाडिया. 'हंटरवाली' काढून नादियाला घोड्यावर बसविणारे हेच ते वाडिया. असा मारधाडीचे चित्रपट काढणारा माणूस सरकारी मंडळावर कसा गेला, असे कोणास वाटेल. पण वाडिया हे रॉय यांच्या विचारांचे होते. फॅसिझमविरुद्ध उभे राहणे हे त्यांना मनापासून कर्तव्य वाटत होते. चित्रनिर्मितीची सूत्रे हाती घेण्यास इंग्लंडहून अलेक्झांडर शॉ आले. ते ब्रिटनमधल्या अनुबोधपटांच्या चळवळीत तयार झालेले गृहस्थ होते. शॉ मायदेशी परतल्यावर मुख्य निर्मात्याच्या जागी काही काळ व्ही. शांताराम आले.

येथे पुणेकराने जरा थांबावे. शांताराम म्हणजे 'प्रभात'. १९२९ साली कोल्हापुरात जन्मलेली आणि १९३३ मध्ये पुण्यास आलेली ही संस्था महाराष्ट्राच्या मनाचा आरसा होती. १९४१ सालीच शांतारामबापूंनी 'शेजारी' काढला होता. दोन जिवलग शेजारी, एक हिंदू व एक मुसलमान; त्यांच्यात बाहेरच्या स्वार्थी माणसाने घातलेले वितुष्ट; आणि शेवटी फुटलेल्या धरणात दोघांचा एकत्र झालेला अंत. घरात भिंत कशी पडते, हे ज्याने इतके हळुवारपणे दाखविले, तोच माणूस आता दुभंगलेल्या देशात सरकारी युद्धप्रचाराच्या कामात जाऊन बसला. ही विसंगती नव्हे काय? मला वाटते, नव्हे. आज ऐंशी वर्षांनंतर, निकाल ठाऊक असताना, कोण बरोबर होते हे सांगणे फार सोपे आहे. त्या वेळी जपानी फौजा ब्रह्मदेशापर्यंत आल्या होत्या आणि उद्या काय होईल, हे कोणासही ठाऊक नव्हते. त्याशिवाय अनुबोधपट काढण्यास पैसा, फिल्म व यंत्रे देणारे दुसरे कोणीही या देशात नव्हते. ज्याला हा हात शिकावयाचा होता, त्याला ही एकच शाळा उघडी होती.

मात्र शांतारामबापू त्या शाळेत फार दिवस राहिले नाहीत. १९४२ मध्ये ते प्रभातमधूनही बाहेर पडले आणि मुंबईस परळ येथे त्यांनी 'राजकमल कलामंदिर' उभे केले. योगायोग असा, की ज्या जागेत राजकमल उभे राहिले, तो वाडियांचाच जुना स्टुडिओ होता.

१९४३ मध्ये सरकारने ही सारी व्यवस्था आपल्या हाती घेतली. अनुबोधपटांसाठी 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' आणि वार्तापटांसाठी 'इंडियन न्यूज परेड' अशी दोन खाती झाली. पहिल्याची धुरा एझ्रा मीर या कसबी माणसाकडे आली. नुसती चित्रे काढून भागत नव्हते. ती पाहिली गेली पाहिजेत. चित्रपटगृहांचे मालक ती लावण्यास नाखूश होते, कारण प्रेक्षक हुल्लड करीत. म्हणून भारतसंरक्षण नियमांखाली हुकूम निघाला, की प्रत्येक खेळात सरकारने संमत केलेली दोन हजार फुटांपर्यंतची फिल्म दाखविलीच पाहिजे.

दोन हजार फूट म्हणजे किती? यंत्रातून मिनिटाला नव्वद फूट फिल्म सरकते. म्हणजे सुमारे बावीस मिनिटे. आणि हेही लक्षात घ्यावे, की त्याच दिवसांत फिल्मची टंचाई इतकी होती, की मुख्य चित्रपटाच्या लांबीवर सरकारने अकरा हजार फुटांची मर्यादा घातली होती व कच्ची फिल्म परवान्यावाचून मिळत नव्हती. कथेला कात्री आणि युद्धाला सक्तीचा पाट! प्रेक्षकांनी त्यावर स्वतःचा उपाय शोधला. ते बावीस मिनिटे उशिरा येऊ लागले.

या चित्रांत सारेच काही खोटे किंवा टाकाऊ होते, असे मात्र समजू नये. तीन वर्षांत या खात्याने शंभराहून अधिक लघुपट काढले. त्यांत बंदुका-विमाने होती, तशी हस्तकला होती, शेती होती, नृत्ये होती. नारळाच्या झाडावरचा 'ट्री ऑफ वेल्थ' हा लघुपट तर जाणत्यांनी वाखाणला. सरकारी पगारावर असलेली हिंदी मुले कॅमेरा कोठे लावावा, निवेदन किती असावे, चित्राला चित्र कसे जोडावे, हे शिकत होती. सरकार त्यांना साम्राज्याची सेवा शिकवीत होते. ती मात्र देश पाहण्यास शिकत होती.

परंतु जे दिसत होते, त्यापेक्षा जे दिसत नव्हते ते मोठे होते. आता आपल्या पुण्याचेच पाहा. ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ गांधीजी येरवड्याजवळ आगाखान पॅलेसमध्ये बंदिवान होते. तेथेच १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. मधल्या काळात गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास केला. साऱ्या देशाचे डोळे त्या वाड्याकडे लागले होते आणि सरकारी कॅमेरा दुसरीकडे पाहत होता.

आणि २४ जानेवारी १९४३ ची ती रात्र. पुण्याच्या लष्कर भागात कॅपिटॉल नावाचे चित्रपटगृह होते; पुढे त्याचेच 'व्हिक्टरी' झाले. गोरे सोल्जर तेथे गर्दी करीत. त्या रात्री खेळ चालू असताना तेथे बाँब फुटला आणि काही ब्रिटिश सैनिक ठार झाले. धरपकड झाली. लष्करी दारूगोळ्याच्या खात्यात नोकरीस असलेले भास्कर कर्णिक पोलिसांच्या हाती लागले आणि कोणाचेही नाव तोंडून निघू नये म्हणून त्यांनी फरासखान्यात विष घेऊन देह ठेवला. बुधवारातून जाताना त्यांचे स्मारक दिसते. दिवाळीच्या खरेदीच्या गर्दीत आपण त्याच्या अंगावरून जातो. मला नेहमी वाटते, त्या रात्री ज्या पडद्यावर चित्र चालले होते, त्या पडद्याला हे युद्ध कधी दाखविताच आले नसते. पडद्यावरचे युद्ध इटलीत आणि आफ्रिकेत होते. पडद्यासमोरचे युद्ध पुण्यात होते.

आणखी एक गोष्ट. हे लघुपट इंग्रजी, हिंदुस्थानी, बंगाली, तमिळ आणि तेलुगू या पाच भाषांत निघत. मराठी त्यांत नव्हती. ज्या मुलखाने पलटणीच्या पलटणी दिल्या, त्या मुलखातल्या आयांना आपल्या मुलांचे युद्ध परक्या बोलीत ऐकावे लागले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने शत्रूचा मोर्चा घेतला आणि तेथेच ते पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या काठी शिपाई नामदेव जाधव यांनी गोळीबारातून जखमी सोबत्यांना पाठीवर आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोघेही शेतकऱ्यांची मुले. माझ्या पणजीला चावडीपुढच्या त्या निवेदनातले एक अक्षरही कळले नसेल. तिने फक्त चाल ओळखली.

युद्ध संपले. १९४६ साली मध्यवर्ती कायदेमंडळात या चित्रखात्यांच्या खर्चाचा प्रश्न आला. ज्या यंत्राने युद्धाचा डांगोरा पिटला आणि बेचाळीसवर मौन पाळले, त्याच्याबद्दल लोकप्रतिनिधींना ममता वाटणे शक्यच नव्हते. पैशाला कात्री लागली, खाती बंद पडली. राग न्याय्य होता. पण रागाची किंमत पुढच्याच वर्षी चुकवावी लागली. १५ ऑगस्ट १९४७ उजाडला, युनियन जॅक उतरला, तिरंगा चढला आणि तो सोहळा टिपण्यास सरकारचे स्वतःचे चित्रपथकच नव्हते! खाजगी मंडळींनी आणि परदेशी वार्तापटवाल्यांनी जे टिपले, त्यावर आपण आज समाधान मानतो. सूड म्हणून आरसा फोडला आणि आपल्याच लग्नाच्या दिवशी तोंड पाहण्यास आरसा उरला नाही, तसे झाले.

ही चूक नव्या सरकारच्या ध्यानात आली. १९४८ मध्ये मुंबईस फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले. पण गंमत पाहा: जुने घर पाडून नवे बांधताना पाया तोच ठेवला गेला. जी सक्ती परकी म्हणून आपण धिक्कारली होती, तीच चित्रपटगृहांच्या परवान्यात अट म्हणून येऊन बसली. प्रत्येक खेळाआधी सरकारमान्य लघुपट दाखवावयाचा आणि वर त्याचे भाडेही भरावयाचे. एझ्रा मीर हेच १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनचे मुख्य निर्माते झाले. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती अट घटनेत बसते, असा निर्णय दिला. माझ्या पिढीतल्या वाचकांना ते काळे-पांढरे लघुपट आठवत असतील. धरणे, पूर, कुटुंबनियोजन, आणि तो घोगरा, सर्वज्ञ आवाज! लहानपणी 'प्रभात'मध्ये आम्ही बसलेले असू आणि वडील म्हणत, "अजून वेळ आहे, शेंगदाणे घेऊन ये." बाहेर शेंगदाणेवाल्याभोवती निम्मे थिएटर उभे असे. युद्धात लागलेली उशिरा येण्याची सवय स्वराज्यातही सुटली नव्हती. सक्तीने दाखविलेले सत्य लोकांना असत्याइतकेच कंटाळवाणे वाटते, एवढा धडा त्या दोन हजार फुटांनी आपल्याला दिला, आणि तो घेण्यास आपण अर्धशतक लावले.

या काळातले एकच चित्र असे निघाले, की ज्यापुढे दोन्ही बाजूंना मान लववावी लागली. ते अनुबोधपट नव्हते, पण सत्यकथा होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने पाठविलेल्या वैद्यकीय पथकातून चीनमध्ये गेले, जपानी आक्रमणात सापडलेल्या लोकांची शुश्रूषा करीत तेथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच मरण पावले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि शांतारामबापूंनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढली. काँग्रेसने पाठविलेला माणूस आणि जपानशी झुंज! राष्ट्रवाद्याला तो आपला वाटला आणि युद्धवाद्यालाही. मारणाऱ्यांवर एकमत होत नव्हते; बरे करणाऱ्यावर झाले. सरकारी मंडळात बसून शांतारामबापूंना जो पूल बांधता आला नाही, तो त्यांनी बाहेर पडून बांधला, असे मला वाटते.

आता राहिला त्या युद्धाच्या परिणामांचा प्रश्न. सुमारे पंचवीस लाख हिंदी लोक त्या युद्धात सैन्यात होते. जवळजवळ सत्याऐंशी हजार परतले नाहीत. शाळेत इतिहास शिकविताना मी पाहतो, बेचाळीसची चळवळ मुलांना ठाऊक असते. हे पंचवीस लाख ठाऊक नसतात. ब्रिटिशांच्या चित्रांत सातारा नव्हता, आणि स्वराज्यातल्या आमच्या आठवणींत इटली नाही. प्रत्येक सरकारने आपल्याला हवा तेवढा भाऊ पडद्यावर घेतला आणि दुसरा अंधारात ठेवला. थोरले आबा ज्या मौनात म्हातारे झाले, ते मौन त्यांच्या एकट्याचे नव्हते. ते देशाने त्यांच्या वाट्याला दिले होते.

म्हणूनच ती जुनी रिळे जपली पाहिजेत, असे मला वाटते. निवेदन खोटे असू शकते. पण कॅमेऱ्यापुढून चालत गेलेले पाय खोटे नसतात. त्या दिवसांतली फिल्म नायट्रेटची. ती जात्याच ज्वालाग्राही असते आणि एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तेव्हापासून असल्या ठेव्याचे रक्षण हे आपल्या गावाचे काम झाले आहे. ते किती अवघड आहे, हे ८ जानेवारी २००३ रोजी दिसले. जुन्या प्रभातच्या आवारात, जेथे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे, नायट्रेटच्या कोठाराला आग लागली आणि हजारो रिळांची राख झाली. अलीकडे फिल्म्स डिव्हिजन आणि चित्रपट संग्रहालय या दोन्ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाल्या आहेत. पाटी कोणतीही असो, रिळे राहिली म्हणजे झाले. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये हिंदी सैन्याच्या चित्रणाचा मोठा साठा आहे, आणि त्यांतले काही लघुपट आता घरबसल्या संगणकावर पाहता येतात.

गेल्या दिवाळीत फराळ झाल्यावर मी मुलांना आणि आईला जवळ बसवून असा एक लघुपट लावला. कोठलीशी मराठा पलटण चालली होती. निवेदक इंग्रजीत काहीतरी अभिमानाने सांगत होता. मी आवाज बंद केला. आई पुढे सरकली. चष्मा पुसून ती पाहू लागली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "मागं घे रे जरा."

आता मागे घेणे सोपे झाले आहे. मी ते चार वेळा मागे घेतले. थोरले आबा त्यात नव्हते; असतीलच तर आम्हाला ओळखता आले नाहीत. पण आई त्या पोरांकडे बराच वेळ पाहत राहिली, आणि मग आपणहून धाकट्या आबांच्या गोष्टी सांगू लागली.